उखर्डूची केळी

धुळे, १२ जानेवारी २०२५

ती. नानांस,
भाविकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी मधेच हसते म्हणून तुम्ही कामाचं काही ऐकून घेत नाही, तेव्हा हे पत्र. कृपया चुका लाल शाईने दाखवून परत पाठवू नका. गेल्या वेळचं ते पत्र शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सादियाने पाहिलं आणि दिवसभर मला 'बारापैकी सात' अशी हाक मारली.

बातमी अशी, की जळगावला ९ फेब्रुवारीला मुक्त शिक्षणाची परिषद आहे आणि तिथे बोलायला मला बोलावलंय. चांगली पंधरा मिनिटं! मुक्त शिक्षण म्हणजे एकाने तयार केलेला पाठ त्याच्या नावासकट इंटरनेटवर ठेवायचा. मग कोणीही तो घ्यावा, शिकवावा, हवा तर बदलावा, सगळं फुकट. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, की फुकटच्या गोष्टीवर बोलायला माणूसही फुकटातलंच शोधलेलं दिसतंय. आता तर मी बोलणारच.

दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, तुमची अपूर्णांकांची वही. उखर्डू तीन डझन केळी घेऊन निघतो, वाटेत पाव हिस्सा खातो, घरी किती पोचतात? माझा अख्खा पाचवीचा वर्ग या खादाड माणसावर अपूर्णांक शिकला. काकूंनी मला वहीची झेरॉक्स दिलीय, त्यांच्यावर रागावू नका. विषयाचं नावही कळवून टाकलंय: 'नानांची वही'. फक्त तुमचा होकार हवा.

काकूंना नमस्कार. पुतणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची, भाविका

*

जामनेर, १८ जानेवारी

चि. भाविकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं, अभिमान वाटला. वही मिळणार नाही.

कारणं विचारशील म्हणून लिहितो. माझं अक्षर वाईट आहे. अभ्यासक्रम जुना झाला. शिवाय हल्लीची मुलं केळी खात नाहीत. जळगाव जिल्ह्यात बसून हे शेवटचं लिहिताना माझं मलाच हसू आलं, पण लिहिलं ते लिहिलं. तू मोबाइलवर बोल, त्यावर सगळेच बोलतात. माझं नाव मात्र कुठेही नको.

तुझ्या काकूशी मी दोन दिवस अबोला धरला होता. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

आशीर्वाद आहेतच, हट्ट सोड.
तुझा, नाना

*

धुळे, २२ जानेवारी

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

फळ्यावरचं तुमचं अक्षर नमुना म्हणून न पुसता जपणारी शाळा मला माहीत आहे, तेव्हा पहिलं कारण नामंजूर. दुसरं माझ्या पाचवीच्या वर्गाने खोडलं, आणि तिसरं तर तुम्हीच.

पत्रिका छापून झाली, नाना. त्यात तुमचं नाव आहे. सादियाने उखर्डूची चित्रं काढलीत, झुपकेदार मिशा आणि सुटलेलं पोट. ती विचारत होती, हा कोण? मी सांगितलं, नानांनी मनाने रचलेला माणूस. वही नसेल तर माझ्याकडे काहीच उरत नाही; मी परिषदेला नकार कळवेन आणि मुख्याध्यापक पेढे वाटतील. खरं कारण काय ते एकदा सांगा.

रुसलेय, पण तुमचीच,
भाविका

*

जामनेर, २७ जानेवारी

चि. भाविकास,
आशीर्वाद.

उखर्डू रचलेला नाही. बोदवडच्या शाळेत शिकवणाऱ्या झुंबरबाईंचे ते यजमान. वहीसुद्धा झुंबरबाईंचीच.

१९८६ साली शिक्षकांच्या शिबिरात मी ती एका दिवसासाठी मागून घेतली आणि शब्दन् शब्द उतरवून काढली. वर माझं नाव घातलं. पुढे तिच्याच जोरावर आदर्श शिक्षक झालो. सत्काराला बाई समोर बसून टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही, आणि त्यानंतर बोदवडच्या रस्त्याला गेलोही नाही. काकूलाही हे ठाऊक नाही.

आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे. परिषदेला नकार कळव.

नाना

*

धुळे, ३ फेब्रुवारी

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

नकार कळवला नाही. काल सादिया आणि मी बोदवडला जाऊन आलो. रागवायचं ते ९ तारखेनंतर एकदमच रागवा.

झुंबरबाई ऐंशीला टेकल्यात. माहेर पिंपळनेरचं, बोली अजून तिकडचीच. मी घाबरत घाबरत सुरुवात केली, तर 'माले बठ्ठं ठाऊक शे' म्हणाल्या, सगळं त्यांना आधीपासूनच माहीत होतं, आणि पोहे खायला बसवलं. उखर्डूभाऊ गेले त्याला नऊ वर्षं झाली. ते खरंच वाटेत केळी खायचे, आणि त्यांना लाज वाटावी म्हणूनच बाईंनी ती गणितं केली होती. लाज काही वाटली नाही, असंही सांगितलं. तुमच्या सत्काराला त्या मुद्दाम आल्या होत्या, तुम्ही नाव घेता का ते बघायला.

वही खुली करायला त्यांची परवानगी आहे, पण एका अटीवर. कोणाची ती हे तुम्ही स्वतः जळगावला माइकवर सांगायचं. त्या समोर बसणार आहेत. मला तुमची लाज वाटत नाही, नाना. न आलात तर मात्र वाटेल.

वाट बघते.
भाविका

*

जामनेर, ११ फेब्रुवारी

चि. भाविकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पंधरा मिनिटांतली अकरा मी खाल्ली, त्याबद्दल माफ कर. मास्तराच्या हाती माइक आला की असंच होतं. पण सगळं कबूल केलं. उरलेल्या चार मिनिटांत तू बोललीस ते मात्र पक्कं होतं. आपल्या रीतीप्रमाणे सत्काराची टॉवेल-टोपी देताना आयोजकांनी बाईंनाही पुरुषांची टोपीच दिली आणि बाईंनी ती घातली, हे तुझ्या काकूला चारदा सांगून झालं. बाकीचंही सांगितलं. ती म्हणाली, एवढं चांगलं काही मला सुचलं असेल यावर तिचा कधीच विश्वास नव्हता.

चहाच्या वेळी तू लोकांच्या गराड्यात होतीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. बाईंनी माझी वही मागून घेतली. पान न् पान बघत शेवटाकडे आल्या आणि थांबल्या. ही अकरा गणितं माझी नाहीत, म्हणाल्या. यात उखर्डू केळी वाटतो, आणि आमच्या माणसाने उभ्या जन्मात कोणाला केळं दिलं नाही. तेव्हा मला आठवलं. एका वर्षी वर्गात उपाशी येणारी मुलं होती. त्यांच्यापुढे खादाड उखर्डू शिकवायला जीव धजेना, म्हणून मी ती जोडली होती. मग विसरूनही गेलो.

बाईंनी वही मिटली, टोपी सारखी केली आणि मला विचारलं, की ही अकरा गणितं मी माझ्या वहीत घेतली तर चालतील का, नाव तुमचंच लिहीन.

मी वही पुन्हा त्या अकरा गणितांवर उघडली आणि त्यांच्या हातात दिली. 

लोभ आहे, तो वाढता राहो.
तुझा, नाना