आजीने परस्पर देऊन टाकलेलं शहर

कारागांडा,
३ मार्च

ती. ओल्झासदादास,
संतापलेल्या धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

पलटणीत तुझा फोन काढून घेतलाय ते बरंच झालं. फोनवर मी जे काही बोलले असते ते ऐकून तुझ्या साहेबाने मलाच भरती करून घेतली असती. बातमी अशी की आपलं शहर गेलं. जळलं नाही, भिजलं नाही. आजीने देऊन टाकलं!

कुणाला, तर संजारला. आत्याच्या त्या टाय लावणाऱ्या गुणी बाळाला. हा आजीकडे गावी गेला, पोटभर चहा ढोसला, तळलेले गरम बौर्साक हाणले, उन्हाळी स्वयंपाकघरात डोकावला आणि म्हणाला म्हणे की आजी, मला हे हवं. झालं! लेकीचं पोर, म्हणजे जियेन, आजोळी येऊन काही मागेल तर नाही म्हणायचं नाही. तीन मागण्या त्याच्या हक्काच्या. पूर्वी पोरं शिंगरू मागायची, शिकारी कुत्रा मागायची. ह्या दिवट्याने आमचं शहर मागितलं, आणि आजीने ते चादरीत बांधून वर बसपर्यंत पोचवून दिलं! लेकीचं पोर ते पोर, आणि आपण लेकाची पोरं म्हणजे काय धुराड्यातून पडलो?

आजीला वाटतं ती बिस्किटांची खोकी आहेत. तिला काय माहीत, तू संगणकावरच्या त्या खेळातल्या पडक्या शहरात आधी सगळे शत्रू मारून टाकायचास, मग एकेका इमारतीसमोर लांब उभं राहून चित्र जवळ ओढून टिपायचास, म्हणजे भिंत तिरकी येणार नाही. ऊन असलं की सावल्या छापल्या जातात म्हणून खेळात ढग येईपर्यंत आपण कलिंगडाच्या बिया सोलत बसायचो. मी आमच्या झेरॉक्सच्या दुकानात मालकाची पाठ वळली की त्या भिंतींच्या प्रिंट काढायचे आणि आपण त्या खोक्यांवर चिकटवायचो. कापलेली पांढरी कड राखाडी पेनाने रंगवून रंगवून माझी बोटं आठवडाभर उंदरासारखी दिसायची. आणि एकदा तू बंदुकीच्या नेमाची खूण पुसायला विसरलास, तर बेकरीच्या दारावर लाल फुली आली, म्हणून तिचा आपण दवाखाना केला. सांग म्हणावं संजारला, दवाखाना का आहे तो!

मुख्य दुखणं वेगळंच आहे. बाहुल्यांच्या नाटकघरातल्या राउशानबाई, ज्या देखावे बनवतात, त्या आमच्या दुकानात येतात हे मी तुला सांगितलं होतं. त्यांना मदतनीस हवी आहे. कॉलेज किती झालं विचारलं, मी म्हटलं दारापर्यंत. त्या हसल्या आणि म्हणाल्या की कागद नको, हाताने केलेलं काहीतरी महिनाअखेरपर्यंत दाखव. माझ्याकडे दाखवायला एवढं एकच होतं. नवीन करायचं तर तुझा संगणक आत्याकडे, म्हणजे संजारच्याच टेबलावर! आणि तो गाढव आपलं शहर शाळेच्या प्रदर्शनात मांडतोय. स्वतःच्या नावाने.

लोभ असू दे. मला तूर्तास कुणाबद्दलच नाही, त्यामुळे दोघांपुरता तूच कर.

तुझी,
तोगझान

सैन्यतळ,
११ मार्च

चि. तोगझान हिस,
अनेक आशीर्वाद. पलटणीत दुसरं काही द्यायला उरत नाही.

तुझं पत्र मी बराकीत मोठ्याने वाचून दाखवलं. दोन तट पडले. शिमकेंतकडचा एकजण म्हणाला की मी मामाकडून शिंगरू आणलं आणि तुमचा जियेन खोकी नेतो, ह्या घराण्याचं कसं व्हायचं. बाकीच्यांनी संजारला बडवायची तयारी दाखवली, पण कुणालाच रजा नाही.

आता जरा शांत होऊन ऐक. तूही मामाकडे जियेनच आहेस. त्याचं अकॉर्डियन मागून आणलंस ते आठवतं? मामाचे डोळे भरले होते, तरी त्याने दिलं. तू त्यावर एक सूर काढला नाहीस, मांजराने त्यात पिल्लं घातली. तेव्हा रीत चांगली होती आणि आज वाईट झाली, असं कसं?

पण नाव लावणं ही चोरी आहे. मागून नेलेल्या घोड्याला कुणी मीच जन्म दिला म्हणत नाही. तेव्हा सरळ आजीला लिही. राउशानबाईंचं सगळं सांग. तू ते आजीपासून का लपवलंस, मला ठाऊक आहे. नोकरी नाही मिळाली तर कुणाला कळायला नको. पण ज्या बाईला काही माहीतच नाही तिच्यावर किती दिवस फुगशील?

आणि कृपा करून खोड्या करू नकोस. आत्याच्या चहात मीठ नको, संजारच्या बुटात काही नको.

थंडी आहे, मोजे पाठव. माया आहेच, मोज्यांबरोबर तीही येऊ दे.

तुझा दादा,
ओल्झास

गावाहून,
१४ मार्च

चि. तोगझान हिस,
आजीचे आशीर्वाद, पण जरा हात राखून.

तुझी आत्या काल फोनवर रडली. मला नीट ऐकू येत नाही, पण रडणं ऐकू येतं. संजारच्या शाळेच्या फाटकावर कुणीतरी कागद चिकटवले की एक शहर हरवलं आहे, रंग राखाडी, शेवटचं आत्येभावाच्या काखेत दिसलं, सापडल्यास गाढवाच्या कानात सांगावे. कुणीतरी म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. पोरं त्याला आता महापौर म्हणून हाका मारतात म्हणे.

अगं, लाज नाही का? जियेनला दिलेलं परत मागणारं घर मी ह्या डोळ्यांनी पाहिलं नाही आणि माझंच पहिलं व्हावं असं मला वाटत नाही. पुठ्ठेच होते ना? बिस्किटं खा, आणखी होतील. लोकरीचे कपडे धुऊन पाठव म्हटलं होतं, ते नाहीत. नुसते कागद चिकटवायला वेळ आहे.

नौरूझच्या सणाला ये. तोंड धुऊन ये आणि आत्याला नीट भेट.

जीव लावणारी पण कान धरणारी,
आजी

कारागांडा,
१७ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

कान धरलेस ते धरलेस, आता तोच कान जरा इकडे कर. पुठ्ठे नव्हते ते. तू रजई शिवतेस तेव्हा तिला कुणी चिंध्या म्हटलं तर? शेजारच्या झिपाशने एकदा म्हटलं होतं, तर तू दोन हिवाळे तिच्याकडे मीठसुद्धा मागायला गेली नाहीस!

ते शहर दादाने आणि मी केलं. एकेक खिडकी मी कापली. घरातलं असतं तर तू खुशाल द्यावंस, घर तुझं आहे. पण तू माझं दिलंस, मला न विचारता, आणि मी गावात नसताना. बाहुल्यांच्या नाटकघरात मला काम मिळणार होतं, आजी. देखावे करायचं. बाईंनी माझं काम बघायला मागितलं होतं आणि माझं काम तू चादरीत बांधून दिलंस. तुला आधी सांगितलं नाही, कारण कॉलेज सोडलं तेव्हा तू नुसती चूल फुंकत बसलीस. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

परत माग असं मी म्हणत नाही. पण तिथे पाटीवर त्याचं नाव आहे, माझं नाही. राउशानबाईंना मी खरं ते सांगितलंय. त्या म्हणाल्या की प्रदर्शनाला येते, बघते. बघणार काय? संजारचा टाय?

नौरूझला येईन. आत्याच्या पाया पडेन. आतून नाही.

रागावलेली पण तुझीच,
तोगझान

कारागांडा,
२ एप्रिल

ती. ओल्झासदादास,
सा. न. वि. वि. मोजे ह्याच पाकिटात आहेत. एक निळा आहे, दुसरा बघून घे.

नौरूझला आजी माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. नुसतं विचारलं की प्रदर्शन कुठल्या दिवशी. मला वाटलं, नातवाचं कौतुक बघायला जातेय. माझा नुसता जळफळाट!

त्या दिवशी मी राउशानबाईंना घेऊन गेले. शहर मधल्या टेबलावर, दिव्याखाली. खोटं कशाला बोलू, फार देखणं दिसत होतं. म्हणून तर आणखी संताप. पाटीवर ठळक अक्षरात लिहिलेलं की निर्मिती, संजार. बाईंनी वाकून, चष्मा चढवून सगळं पाहिलं आणि त्याला विचारलं की बाळा, भिंतींवर सावली कशी नाही पडली? तो म्हणाला की दिवा वरून आहे ना. मी जीभ इतकी चावली की संध्याकाळी सूप झोंबलं.

तेवढ्यात आजी आली. पांढरा रुमाल, मखमली जाकीट, हातात पिशवी. मागे आत्या, खाली बसा खाली बसा करत. आजी सरळ टेबलापाशी गेली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की जियेनला दिलं ते दिलं, ते त्याचंच, त्यावर माझा शब्द नाही. पण हे केलंय ह्या पोरीने. पोरीचं पहिलं काम पुरं झालं आणि मी म्हातारीने शाशू केली नाही, ही माझी चूक, ती आज भरते. आणि पिशवीत हात घालून तिने माझ्या डोक्यावर मूठ मूठ खाऊ उधळायला सुरुवात केली!

आता शाशू म्हटल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे. शकुनाचा खाऊ, ज्याने उचलला त्याचं भलं. शाळाभर पोरं, ती काय उभी राहणार? धावलीच. शिक्षकसुद्धा वाकले. आणि आजीने, गोळ्या महाग म्हणून, पिशवीत निम्मं कुर्त भरलं होतं. तिच्या हातचं कुर्त, दादा, ते दगडासारखं वाळवलेलं दही! त्याने दात पडतात, तिथे आपली छपरं काय टिकणार? पहिल्या मुठीत घड्याळाचा मनोरा गेला. दुसरीत पूल. मग पोरं टेबलावरच चढली. तुमच्या तोफखान्याला एवढं जमणार नाही.

मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मला नंतर राउशानबाईंनी सांगितलं. मी म्हणे रडले नाही की शिव्या दिल्या नाहीत. डाव्या गल्लीतल्या भिंती एका बाजूला ठेवा, छपरं वेगळी, कुणाच्या बुटाला खिडक्या चिकटल्या असतील तर बूट इकडे आणा, असं चाललं होतं माझं. पोरांना मी रांगेत बसवलं आणि तुकडे निवडायला लावले. बाईंनी एक फाटका कोपरा उचलून आतली बाजू पाहिली, आइस्क्रीमच्या काड्यांचे टेकू पाहिले, आणि म्हणाल्या की बाहुल्यांच्या नाटकात प्रत्येक रविवारी कुणीतरी पोर देखाव्यात घुसतंच. अखंड शहर बघून मला काही कळलं नसतं. सोमवारी ये.

मी गेले. पाच दिवस झाले. हात डिंकाने बरबटलेत आणि इथे प्रिंट चोरून काढाव्या लागत नाहीत.

पण राग गेला असं समजू नकोस! वर्षभराचं काम आजीने मुठीमुठीने पाडलं, आणि तिला विचारलं तर म्हणते की पाडलं कुठे, साजरं केलं. परत तर मागता येत नव्हतं ना, मग घ्या! आत्या अजून बोलत नाही. आणि संजार? मोडकं शहर त्याचंच, म्हणून पोत्यात भरून घेऊन गेला. काल नाटकघराच्या दारात येऊन उभा राहिला. टाय नव्हता. बुटांकडे बघत म्हणाला की हे पुन्हा उभं कसं करायचं, शिकवशील का. मी म्हटलं की आजोळी हक्काने मागतोस, तसं माग की. तर म्हणाला की तुझ्याकडे तो हक्क चालत नाही, म्हणून विचारतोय.

रविवारी जाणार आहे त्याच्याकडे. तुझा संगणकही तिथेच आहे. आधी त्याला एका भिंतीसमोर सरळ उभं राहायला शिकवीन, ढगाची वाट बघायला लावीन, आणि पूर्ण वेळ भांडेन.

आजीला पत्र लिही, ती वाट बघते. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस. रागावलेल्या माणसाला जरा जास्तच लागते.

तुझी,
तोगझान