नाचणीच्या डब्यातली तीन अंडी

मी, जमनाबाई, कै. गुंडूराव बोंगाळे शिंपी यांची बायको, वय अडुसष्ट, राहणार शिवाजीनगर, बेंगळूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. गोड बोलून लिहवून घ्यायला आले होते, त्यांची नावं खाली येतील. शाळा तिसरीपर्यंत, तीही कानडी. मराठी घरातली. अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे.

लिहायचं कारण असं की उद्या सकाळी पित्ताशयातले खडे काढायला दवाखान्यात जायचं आहे. डॉक्टर म्हणाले, "स्वल्पच कापायचं, अज्जी, भिऊ नका." भीत नाही. पण मागच्या पडवीत माझी कॅनरीची जोडी घरट्याला लागली आहे. मादीने घातलेली तीन अंडी मी काढून नाचणीच्या डब्यात ठेवली आहेत आणि चौथं उद्या सकाळी यायचं आहे. मी परत आले तर बरंच. नाही आले तर ती अंडी परत कोणी ठेवायची आणि पाखरं कोणाची, हे ठरवून जायला हवं. म्हणून हा कागद. घरदार त्याच्यामागून आलं.

शेजारचे हयवदनराव कोर्टात कारकून होते. ते समोर बसून कागदाचं वळण सांगत आहेत. म्हणाले, "जमनाक्का, मृत्युपत्रात आधी स्थावर येतं. अंडी कुठून आणलीत?"

मी म्हटलं, "स्थावर कुठे पळून जातंय? अंडी उद्याची आहेत."

तरी त्यांच्या मानाखातर स्थावर आधी घेते.

कलम १. राहतं घर, पुढची दुकानाची खोली व मागची पडवी यांसह, मुलगा गिरीधर आणि सून रूपश्री या दोघांच्या नावे करते. विकायचं झालं तर दोघांच्या सह्या लागतील. एकट्या गिरीधरच्या नावे केलं असतं, पण त्याच्यापुढे कोणी डोळे पुसले की तो खिशातली चावी काढून देतो. हा गुण बापाकडून आलेला नाही. बाप उधारीवर गुंडीसुद्धा लावून देत नसे.

कलम २. माझ्या बांगड्या आणि गळ्यातलं मुलगी कावेरी हिला, माझ्या मागून. हे "माझ्या मागून" मुद्दाम लिहिलं आहे. गौरीला आली तेव्हा म्हणाली, "आई, आत्ताच दे ना. तुझ्या डोळ्यांदेखत घालीन." मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखत त्या माझ्या हातात बऱ्या दिसतात." त्यावर रडली. गिरीधर तिची बाजू घेऊन उभा राहिला. रूपश्री तेवढ्यात दोघांची ताटं वाढून मोकळी झाली.

शिलाईचं मशीनही कावेरीला. तिला शिवता येत नाही, पण वर क्रोशाचं कापड घालून मांडून ठेवायला येतं.

कलम ३. पोस्टातले पैसे आधी माझ्या क्रियाकर्माला लावावेत. उरलं तर दोन्ही मुलांनी सारखं वाटून घ्यावं. माझा फोटो मोठा करून भिंतीला लावू नये. मला माझं तोंड कधी फार आवडलेलं नाही.

कलम ४. धाकटे दीर भगवंतराव यांनी माझ्या नवऱ्याच्या मोठ्या कात्रीवर डोळा ठेवला आहे. ती त्यांना मिळणार नाही, रूपश्रीला मिळेल. या घरात कात्रीला वेळेवर धार लावून आणणारी तेवढी एकच आहे.

भगवंतरावांनी एका वर्षी माझा गाणारा नर जोडी लावायला म्हणून मागून नेला. परत आणला तो दुसराच. पिवळा होता, पण पिंजऱ्यात बसून नुसता भिंतीकडे बघायचा. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, हवा बदलली की गळा बसतो." हवा ती काय बदलणार, दोन गल्ल्या पलीकडे! पुढे वर्षभर त्यांच्या घरून माझ्या नराचं गाणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. तरी मी कोणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. त्यांना जुना मोडक्या दाराचा पिंजरा द्यावा. त्यात हवं तर त्यांनी स्वतःचा गळा ठेवावा.

हयवदनराव म्हणतात, हे वाक्य काढा. काढत नाही.

कलम ५. आता पाखरं.

पहिली जोडी कूक टाऊनच्या एका मडमेने दिली. माझा नवरा तिचे फ्रॉक शिवायचा. ती ऑस्ट्रेलियाला निघाली तेव्हा पिंजरा आमच्या दुकानात ठेवून गेली. जाण्याआधी तिने मला या पाखरांची रीत शिकवली. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे वायफळ बोलणं झालं नाही.

रीत अशी. मादी रोज सकाळी एक अंडं घालते आणि पहिल्यावरच बसायला बघते. तसं बसू दिलं तर पहिलं पिल्लू आधी निघतं आणि शेवटचं फार मागून. मग आधीचं दांडगं होतं, चोच वर करून सगळा घास ओढतं, आणि शेवटचं त्याच्या पायाखाली मरतं. म्हणून अंडं आलं की चमच्याने उचलून त्या जागी खोटं ठेवायचं. खरी अंडी डब्यात नाचणीवर निजवायची आणि रोज कूस बदलायची. चौथं आलं की खोटी काढून खरी सगळी एकदम खाली द्यायची. मग पिल्लं एका दिवशी निघतात आणि सगळ्यांना सारखं मिळतं. माझी खोटी अंडी म्हणजे त्या मडमेच्या फ्रॉकवरची गोल पांढरी बटणं. मागची दोरा ओवायची कडी घासून काढली आहे. मादीला फरक कळत नाही. निदान आजवर तिने तक्रार केलेली नाही.

या पाखरांवर गिरीधरचा फार जीव. त्यांना नावंही त्यानेच ठेवली आहेत, मी ती वापरत नाही. ऑफिसातून आला की चपला न काढता पिंजऱ्यापाशी. सगळ्यांनी धरून ठेवलं आहे की जोडी त्यालाच जाणार. तोही तसंच धरून आहे. म्हणून नीट लिहिते: जोडी, पिंजरा, चहाच्या गाळणीत केलेलं घरटं आणि बटणं ही सून रूपश्री हिला देते आहे.

कारण गेल्या वर्षी घडलं. ऐन घरट्याच्या दिवसांत मला कावेरीकडे लग्नाला जावं लागलं. बटणांचं काम गिरीधरवर सोपवलं. परत आले तर बटणं खिडकीत आणि अंडी पहिल्या दिवसापासून मादीखाली.

"का रे?"

"आई, बघवेना गं. बिचारी बटणावर बसलेली, इतक्या मायेने. तिला फसवायचं म्हणजे..."

पुढे जे व्हायचं ते झालं. शेवटचं पिल्लू निघालं तेव्हा आधीची त्याच्या दुप्पट झाली होती. गिरीधरने त्याला तळहातावर घेऊन कापसाच्या वातीने बलक भरवला. ते त्याच्या हातातच गेलं. तो तीन दिवस नीट जेवला नाही. पिल्लाला त्याचा काय उपयोग?

रूपश्रीला पाखरं आवडत नाहीत. स्वच्छ सांगते, "अत्ते, ही घाण मला जमत नाही." मला ती इथल्या रीतीने अत्ते म्हणते. आमचं एकमेकींशी कधी गोड नव्हतं. वीस वर्षांत तिने माझ्या हातच्या सारूला बरं म्हटलेलं नाही, मीही तिच्या रांगोळीला म्हटलेलं नाही. पण पौषात मला ताप आला तेव्हा दाणापाणी तिने केलं. सकाळी जायची, पाणी बदलायची, दाणे फुंकून टरफलं काढायची आणि परत यायची. वाकून बघायची नाही, शीळ घालायची नाही. आमच्या घरात अंडं शिजत नाही. पाखरांना बलक लागतो तो मी अंगणात वेगळ्या स्टोव्हवर उकडते. कावेरी त्या पातेलीकडे पाठ करून बसते. रूपश्रीने पदर खोचला, अंडं उकडलं, कुस्करलं, हात धुतले आणि देवाला दिवा लावला. पाखरांना याच्यापेक्षा जास्त माणूस लागत नाही.

गिरीधरला बघायची परवानगी आहे. पिंजऱ्यापासून दोन हात लांबून.

कलम ६. सुनेसाठी सूचना. घरट्याला काथ्या द्यायचा, तोही बोटाच्या पेराएवढा कापून. दुकानातल्या दोऱ्याचे तुकडे कधीही देऊ नयेत. शिंप्याचं घर म्हणून पहिल्या साली आम्ही कौतुकाने रंगीत दोरा दिला, तो पिल्लाच्या पायात आवळला आणि बोट गेलं. नराने मादीला भरवायचं थांबवलं तर त्याला शेजारच्या पिंजऱ्यात काढावं, पण त्याचं गाणं तिला ऐकू येईल असं. पिल्लं उडायला लागण्याआधीच मादी नव्या घरट्यासाठी त्यांचीच पिसं उपटते. घाबरू नये, जाळी मध्ये घालावी. ती वाईट नाही, तिला पुढची घाई असते. ऊन वाढलं की घरटं काढून घ्यावं. नाहीतर ती मरेपर्यंत अंडी घालत राहील.

कलम ७. मी गेले आणि तेव्हा मादी बसलेली असली तर मला पडवीत ठेवू नये. पुढच्या खोलीत ठेवावं आणि पुढच्याच दाराने न्यावं. कापूर-उदबत्तीचा धूर मागे जाऊ देऊ नये. कावेरीला रडायचं असेल तर तिने गल्लीत रडावं, तिथे ऐकायला माणसंही जास्त असतात. गिरीधरने पिंजऱ्यापाशी जाऊन पाखरांना बातमी सांगू नये.

वरील सर्व वाचून, समजून सही केली आहे.

जमनाबाई गुंडूराव बोंगाळे

साक्षीदार: १. हयवदनराव, निवृत्त कारकून, शेजारी. २. परसू, पाखरांच्या दाण्यांचा दुकानदार, शिवाजीनगर. (हा दाण्यात खडे घालतो, पण सही खरी आहे.)

बेंगळूर, १९ फेब्रुवारी १९९६

पुरवणी. २० फेब्रुवारी, सकाळ. चौथं अंडं आलं.

मी पिशवी भरत होते. गिरीधर पडवीत आधीच जाऊन उभा, डोळे भरलेले, हात पिंजऱ्याच्या दारावर. म्हणाला, "आई, आज तरी मी ठेवतो. तुझ्यासाठी."

मी काही बोलायच्या आत रूपश्री डबा आणि चमचा घेऊन आली. तिने कागद वाचलेला नाही, तो हयवदनरावांच्या कपाटात होता. नवऱ्याला म्हणाली, "अहो, सरका बाजूला. ऑटो बोलवा आधी." तिने तीन बटणं काढली, तीन अंडी चौथ्याशेजारी ठेवली, दार लावलं. मादी परत येऊन बसली का, तेही बघायला थांबली नाही.

बटणं पुसून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "अत्ते, ही तुमच्यापाशी ठेवा. इथे ठेवली तर हे कुठेतरी हरवतील. पुढच्या वेळी लागतील, तेव्हा घेईन तुमच्याकडून."

मी म्हटलं, "सरी, बरं."

कलम ५ मध्ये बटणं रूपश्रीला लिहिली आहेत, ते तसंच राहील. तूर्त ती माझ्या पदराच्या गाठीत आहेत. दवाखान्यात अंगावरचं सोनं काढून ठेवायला सांगितलं आहे, ते कावेरीच्या नावे डब्यात ठेवलं. बटणांबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही.

हयवदनराव म्हणतात, पुरवणीलाही दोघांच्या सह्या लागतात. परसूला बोलवायला पाठवलं आहे. ऑटोवाला बाहेर हॉर्न वाजवतो आहे. त्याला सांगितलं, हॉर्न वाजवू नको, आत मादी बसली आहे.

जमनाबाई गुंडूराव बोंगाळे

साक्षीदार: हयवदनराव. परसू.