आइनोच्या खोलीत

९ सप्टेंबर

आम्ही जैन, बटाटा खात नाही म्हटलं आणि मार्याचा चेहराच पडला! या घरात बटाटा वगळला तर वाढायला उरतं काय. शेवटी काळा पाव, लोणी, काकडी. समोर बसून मी खातेय का ते बघत राहिली.

मार्या म्हणजे आइनोची आई. आमच्या सांगलीच्या कॉलेजचा इथल्या विद्यापीठाशी करार – एक सेमिस्टर मी फिनलंडला आइनोच्या घरी, आइनो आमच्या घरी. तिची खोली मला, माझी तिला. आइनोला अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. उशी मात्र तिची.

२१ सप्टेंबर

आईचा व्हिडिओ कॉल. आइनो पाटावर बसलेली, आई तिच्या पांढुरक्या केसांना तेल लावत होती. "लय गुणाची पोरगी हाय, चंदना. भाकरी थापाय शिकली." मला विचारलं – जेवलीस का, दिवस असतानाच जेवलीस ना. बस्स.

पप्पा मार्केट यार्डातून आले की शर्टाला हळदीचा वास असतो. मघाशी तो आठवायला गेले. आठवेना.

५ ऑक्टोबर

मार्या रोज विचारते – आइनो कशी आहे, काय खाते, हसते का. वाटायचं, सहज विचारते. आज कळलं, आइनो तिच्याशी बोलतच नाही. फोनही उचलत नाही.

आइनोचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तळ्याकाठी त्यांनी स्वतः बांधलेलं लाकडी घर होतं, उन्हाळाभर सगळे तिथंच. मार्यानं ते विकलं. मुलीला न विचारता. म्हणाली, एकटीनं त्या घरात पाऊल टाकवेना. इंग्रजी आम्हा दोघींचं मोडकंच. पण समजलं.

२८ ऑक्टोबर

बर्फ पडला. फोटो पाठवले. आईचं उत्तर – कान बांध.

१५ नोव्हेंबर

राहवेना म्हणून आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे ती बाई पोरीची खुशाली तुझ्याकडनं घेतीया?

हो म्हटलं. पुढं ती कोथिंबिरीच्या भावावर बोलत राहिली. मला घरी जायचंय. आत्ताच्या आत्ता.

७ डिसेंबर, रविवार

इथं आता दुपारीच अंधारून येतं. सांगलीत दिवस मावळतो तेव्हा इथंही मावळतो! म्हणजे आई आणि मी एकाच वेळी ताटावर. आज फोन समोर ठेवून जेवायला बसले. मार्याही शेजारी येऊन बसली – मीच बोलावलं. तिकडं आईनं आइनोला हाक मारली.

आइनो येऊन ताटावर बसली. स्क्रीनवर तिची आई बघून थबकली. मार्या फिनिशमध्ये काहीतरी म्हणाली, फार हळू. आइनोनं एक वाक्य टाकलं आणि भरल्या ताटावरून उठून गेली.

ती काय बोलली ते मार्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिनं माझं ताट धुतलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

कोणी सांगितलं होतं मला मध्ये पडायला?

९ डिसेंबर

आईचा फोन. आइनो दोन दिवस धड जेवलेली नाही. काल आई तिच्या खोलीत – माझ्या खोलीत – जाऊन बसली. एवढ्या दिवसांत आइनोला मराठी बरीच कळायला लागलीय. आई तिला काय म्हणाली ते मी पुन्हा विचारून घेतलं. कारण मला ती असलं कधी काही म्हणाली नव्हती.

"म्हटलं, माझी पोर तिकडं गेल्यापासनं संध्याकाळचा घास माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई. तिला सांगितलं न्हाई, उगं रडंल म्हणून. तुझी आईबी आईच हाय की गं."

आइनो भिंतीकडं तोंड करून झोपली म्हणे.

मी फोन म्यूट करून रडले. आईला वाटलं रेंज गेली.

१० डिसेंबर

मार्या कामाला गेली, आली. आज आइनोबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आईचाही फोन नाही.

१३ डिसेंबर

दुपारी बेल वाजली. मार्या आत इस्त्री करत होती. दार मीच उघडलं. पाठीवर सॅक, टोपीवर बर्फ, डोळे सुजलेले – आइनो.

माझ्याकडं बघितलं आणि विचारलं,

"आई हाय का घरात?"

हेल अगदी माझ्या आईचा. मी बाजूला झाले.