नंबर जरा मोठा टाका, सर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे डिझायनर स्वतःची प्रोसेस लिहून ठेवतात म्हणे. आपणही ठेवू.

ग्राफिक डिझाइनचा तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स कालच संपला. सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलं. वाकडं लागलंय, असं सुहासिनीने चहा पिता पिता सांगितलं. बायकोला ग्रिड कळत नाही. कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये बावीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या गोळा करत फिरलो. आता गुरुदत्त, स्वतःच्या सहीचे दिवस!

पहिला क्लायंटही मिळाला. मागच्या चाळीतल्या रखमाताई. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात मशीनवर आहेत, घरी गोधड्या शिवतात. लोकांनी आपापल्या जुन्या साड्या द्यायच्या, ताई त्यांची गोधडी शिवून देणार. महिन्याची रजा टाकलीय. शेठने सांगितलंय, एक डिसेंबरला आलीस तर मशीन तुझं, नाहीतर दुसरी बसेल. मानेचा आणि डोळ्यांचा पार भुगा झालाय म्हणाल्या. तीस तारखेपर्यंत बारा ऑर्डरी आल्या तर कारखाना कायमचा सोडायचा, अकरा आल्या तर परत मशीनवर. बारा म्हणजे बारा. त्यासाठी पत्रक हवंय.

म्हटलं, निर्धास्त राहा.

माझी फी म्हणून एक गोधडी. आई गेल्यापासून तिच्या पाच साड्या कपाटात होत्या, त्या देऊन टाकल्या.

५ नोव्हेंबर

ताईंनी मजकूर आणून दिला. वहीचं पान, अक्षर त्यांच्या मुलीचं, अस्मिताचं. गोधडी शिवून मिळेल. आईच्या, आजीच्या साड्या वाया घालवू नका. सगळे टाके हाताचे. बाळासाठी लहानही मिळेल. पत्ता. खाली फोन नंबर, त्याला दोनदा चौकट. निघाल्या, दारातून परत वळल्या आणि म्हणाल्या, नंबर जरा मोठा टाका, सर.

हसलो मनात. प्रत्येक क्लायंट हेच म्हणतो, हे कोर्समध्ये दुसऱ्याच दिवशी शिकवलं होतं.

६ नोव्हेंबर, सकाळी ११

मजकुरावर काम केलं. काम म्हणजे छाटणी. ‘गोधडी’ हा शब्द काढला. गोधडी म्हटलं की माणसाला झोप येते, प्रीमियम वाटत नाही. ब्रँडचं नाव: ऊब. हेडलाइन: जुन्या साड्या द्या. ऊब घ्या. बस्स! बाकी पान मोकळं. मोकळी जागाच बोलते.

पत्ता काढला. ज्याला गरज आहे तो फोन करेल.

दुपारी ४. नंबर सगळ्यात खाली, बारीक, करड्या रंगात. ताईंचा नंबर बघायला वहीचं पान शोधायला हवं होतं, ते किचनमध्ये राहिलं होतं. उठलो असतो तर लय तुटली असती. तूर्तास माझाच नंबर टाकला, तो पाठ आहे. नंतर बदलायचा. चिठ्ठी लावून ठेवायची गरज नाही. परचेसमध्ये माझ्या मेमरीचा दाखला द्यायचे.

८ नोव्हेंबर

ताईंना व्हॉट्सअॅपवर नमुना पाठवला. त्या म्हणाल्या, छान आहे सर, पण गोधडी कुठाय? आणि नंबर दिसत नाही. त्यांच्या मोबाइलची काच तडकलेली आहे, त्याला मी काय करणार? समजावलं की डोळा नंबर शोधत जातो, शोधण्यात गुंततो. त्यावर ताई म्हणाल्या, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळत असेल.

कळतंच.

१० नोव्हेंबर

उल्हासनगर. जितेशभाईंची प्रेस. तीन हजार प्रती, जाड कागद. जितेशभाईंचा नियम आहे, पार्टीने प्रूफ वाचून खाली सही केल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. साईं, पार्टी को बुलाओ, नंबर फोन लगाके चेक करो, असं दोनदा म्हणाले. अपमानच हा. ताईंना एवढ्या लांब कशाला बोलवायचं? मीच सही केली. झोकदार आली. फोटो काढून ठेवला.

१३ नोव्हेंबर

पेपरवाले हिंदुराव यांनी पहाटे पेपरात पत्रकं घातली. अंबरनाथ पश्चिम, शिवमंदिराचा भाग, थोडी बदलापूरला. आमच्या पेपरातही आलं. सुहासिनीने उलटंसुलटं केलं आणि विचारलं, हे नक्की काय विकतंय? म्हटलं, तू टार्गेट ऑडियन्स नाहीस.

दुपारपर्यंत सहा राँग नंबर. सगळ्या बायका. जुन्या साड्यांवर काय देता? चार साड्यांचं पातेलं येईल का? झाकण वेगळं पडेल का? कुणा भांडीवाल्याने कागदावर माझा नंबर छापलाय वाटतं. या लोकांना प्रोफेशनल माणूस परवडत नाही, मग असंच होणार.

१४ नोव्हेंबर

आठ राँग नंबर. एकीला कढई हवी. एकीने मला भैया म्हटलं. चांगलं झापलं.

संध्याकाळी ताई भेटल्या. एकही फोन आला नाही म्हणाल्या. चेहरा एवढासा. मी ब्रँड रिकॉल समजावला. बीज पेरलंय, उगवायला वेळ लागतो. ताई म्हणाल्या, तीस तारखेपर्यंत उगवेल का?

१५ नोव्हेंबर

पाच. त्यातल्या एका बाईने काहीच मागितलं नाही, फक्त विचारलं की हा नंबर कोणाचा. कागदावर हाच आहे म्हणाली. सुनावलं. म्हटलं, बाई, ज्या गाढवाने तो कागद केलाय त्याचा कान धरा, मला का त्रास?  तिने बरं म्हणून फोन ठेवला. असं ठणकावल्याशिवाय लोक सुधारत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ९.३०

हिंदुराव बिल घेऊन आले. जाता जाता म्हणाले, साहेब, बायको मागे लागलीय, तुमच्या त्या कागदावर एक डबा मिळवून द्या. कुठला डबा? तर म्हणे जुन्या साड्या द्या असं लिहिलंय ना. फोन केला तर कुणीतरी खेकसतो. त्यांनी खिशातून पत्रक काढलं, चष्मा लावला आणि नंबर मोठ्याने वाचला.

माझा नंबर.

सकाळी ९.५०. खाली बसलो.

सकाळी १०.१५. एकोणीस. एकोणीस जणांना मी हाकललं. ताईंना बारा हव्या होत्या.

सकाळी १०.४०. चूक नक्की कोणाची, हे शांतपणे बघायला हवं. जितेशभाईंनी जरा जोर लावायला हवा होता. ताईंनी नमुना नीट बघायला हवा होता. काच बदलून घ्यायला काय होतं?

सकाळी ११. नाही. चूक माझी. उद्या सकाळी जाऊन सांगायचं. नक्की.

१७ नोव्हेंबर

गेलो होतो. अस्मिता अभ्यास करत होती. मुलीच्या अभ्यासात व्यत्यय नको. ताईंनी चहा दिला. आईच्या साड्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. ती मोरपंखी बघितली आणि आणखी एक कप मागितला. दोन कप चहा पिऊन परत आलो. उद्या.

१८ नोव्हेंबर

आज नाही सांगितलं, पण त्याहून मोठं काम केलं. कॉल लिस्ट काढून एकोणीस जणांना परत फोन लावले. आधी माफी, मग गोधडी. सात जणींना भांडंच हवं होतं, त्यांनी फोन आपटले. काहींनी उचललाच नाही. एक तर उचलते, मी तुळशी बोलतेय म्हणते, गोधडीचं नाव काढलं की हसत सुटते आणि ठेवून देते. लोकांना दुसऱ्याच्या जिवाची काही पडलेली नाही.

पण दोन ऑर्डरी मिळाल्या! शिवमंदिराजवळच्या एका आजींना नातीच्या बाळासाठी हवी आहे. त्यांना काय बोलावं सुचेना, तेव्हा वहीचं पान समोर धरून वाचून दाखवलं. आईच्या, आजीच्या साड्या वाया घालवू नका. आजी म्हणाल्या, अहो मग हेच छापायचं की!

ताईंना निरोप दिला की माझ्या ओळखीतून दोन ऑर्डरी आल्यात. नंबराचं उद्या सांगू. आज आनंदाचा दिवस आहे.

२१ नोव्हेंबर

पाच झाल्या. फोन अजून येतायत. बारवीकडच्या एका गावातून बाईचा फोन. पत्रकात भजी बांधून आली होती. जाड कागद घेतला तो असा कामी आला.

ताईंनी डबा पाठवला. भाकरी आणि वांग्याचं भरीत. चाळीत सगळ्यांना सांगत सुटल्यात की पत्रकाचा काडीचा उपयोग झाला नाही, सगळं सरांच्या ओळखीवर चाललंय. सरांच्या ओळखी फार.

हे मात्र लागलं. पत्रक चाललंय! प्रत्येक ऑर्डर पत्रकाची आहे! पण हे म्हणायचं तर फोन कुणाला येतात तेही सांगावं लागणार. भरीत आधी बाजूला सारलं. मग खाल्लं. अन्न टाकू नये.

२४ नोव्हेंबर

आठ. आता फोन वाजला की तोंडातून आपोआप येतं, नमस्कार, गोधडी, बोला. सुहासिनीने ऐकलं. सगळं विचारून घेतलं. ओरडली नाही, हेच वाईट. एवढंच म्हणाली की त्या बाईचं अख्खं घर या महिन्यावर टांगलंय आणि तू अजून स्वतःचं तोंड वाचवतोयस.

माझा मुद्दा असा की बारा पूर्ण झाल्या की सांगायचं. तेव्हा सगळे मिळून हसू.

२७ नोव्हेंबर

दहा. ताई वाटेत भेटल्या. विचारलं, काही सांगायचं होतं का सर? दोन-तीन दिवस घुटमळताय. म्हटलं, छे छे, हवा बदललीय.

हवा बदललीय! गुरुदत्त, लाज वाटते का?

२९ नोव्हेंबर

अकरा. फोन चार्जिंगला लावून समोर बसलोय. दुपारी एक आला. पातेलं हवं होतं. समजावून समजावून घसा बसला, तरी पातेलंच.

३० नोव्हेंबर, रविवार

सुहासिनीच्या तीन साड्या मागून घेतल्या आणि बारावी ऑर्डर म्हणून घेऊन गेलो. ताईंनी पिशवीला हात लावला नाही. दयेची ऑर्डर मोजत नाही म्हणाल्या.

मग एकदाचं सांगितलं. दारातच, चपला न काढता. नंबर माझा, सही माझी, किचनपर्यंत उठायचा आळस माझा. एकोणीस जणांना हाकलल्याचंही सांगितलं. 

ताई दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावर म्हणाल्या की पंधरा तारखेपासून माहीत आहे. फोन येत नाही म्हणून भिंग लावून पत्रक वाचलं आणि शेजारच्या तुळशीमावशींच्या मोबाइलवरून तो नंबर लावला. गाढवाचा कान धरा म्हणून तुम्हीच सांगितलंत, सर. दोन आठवडे बघतेय, तुम्ही स्वतःचा कधी धरता.

विचारलं, मग आधी का नाही बोललात? म्हणाल्या, मी बोलले असते तर तुम्ही कारण सांगितलं असतं. कारणं तुमच्याकडे फार.

विचारलं, आणि चाळभर माझ्या ओळखी सांगत होतात, त्या? तुळशीमावशी आतून खिदळल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, अकरा झाल्या, शब्द बाराचा होता.

१ डिसेंबर, सकाळी ७.४०

खिडकीतून बघितलं. ताई डबा घेऊन शेअर रिक्षाच्या रांगेत. वर बघितलं नाही. एका हाताने मान चोळत होत्या.

सर्टिफिकेट उतरवून कपाटात ठेवलं. खरंच वाकडं होतं.

७ डिसेंबर

अस्मिताने मोबाइलवर नवं पत्रक केलंय. पिवळं धमक. कडेने गुलाब. मध्ये गोधडी धरून उभ्या ताई. ‘गोधडी’ शब्द चार वेळा. नंबर लाल, अर्धं पान भरून. कोर्समध्ये जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं आहे.

मला एकच काम दिलं. अस्मिता म्हणाली, सर, छापायच्या आधी तुम्ही कागदावरून बघून फोन लावा. लावला. ताईंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे बघत उचलला, हॅलो म्हणाल्या. 

१४ डिसेंबर

तीन दिवसांत सोळा ऑर्डरी. पातेलं एकानेही मागितलं नाही. एक जानेवारीपासून दुसरी बसव, असं ताईंनी शेठला सांगून टाकलं. म्हणजे मानेवरचा हा एक महिना माझ्या खात्यावर.

माझ्या फोनवर अजून जुन्या पत्रकाचे एखाद-दोन येतात. ताईंचा नंबर देतो. दर वेळी बघून सांगावा लागतो.

२८ डिसेंबर, रविवार

ताई गोधडी घेऊन आल्या. मला वाटलं होतं आता फी विसरावी. म्हणाल्या, शब्द शब्द असतो, सर.

सोफ्यावर पसरली. कडेला आईची मोरपंखी, मग जांभळी, मग ती सणाची हिरवी. मधोमध पांढरी साडी, आणि तिच्यावर लाल दोऱ्याने, वीतभर उंचीचे, दहा आकडे. ताईंचा नंबर. टाका न् टाका हाताचा.

विचारलं, हे काय ताई? म्हणाल्या, रोज पांघराल, पाठ होईल.

सुहासिनीने लांब दारात जाऊन बघितलं आणि म्हणाली, इथूनसुद्धा दिसतोय.

दुपारी जेवून आडवा झालो. पांढरी जागा मोकळी सोडायला हवी होती, असं एकदा मनात आलं. आईच्या साड्यांना अजून कपाटातला वास आहे. ऊब चांगली आहे.

नंबर पाठ झाला.