पंखाखालची खोळ

१८ सप्टेंबर १९७८, सोमवार

तीन आठवडे वही कोरी. कारण काहीच नाही — मोटरसायकल दुरुस्त केली, मिसेस पिंचबेकच्या कोंबड्यांना कुंपण घातलं, लिहायचं राहिलं. लिंकनशरमध्ये हवाई दलातल्या निवृत्तांना तोटा नाही, पण मला मिळालेत ते थेट एअर मार्शल! सर जर्व्हेस ऑर्मरॉड. ते आयुष्य सांगतात, मी टाइप करते. शाळा पंधराव्या वर्षी सोडली, पण बोटं तयार आहेत. तीनशे पानं झाली. शुक्रवारी प्रकाशकाचा माणूस न्यायला येणार. होणारच तोवर.

१९, मंगळवार

साहेबांनी बागेतल्या ढकलगाडीचं विमान केलं. "पोरी, उडण्याआधी वैमानिकानं भोवती फेरी मारायची. सगळ्याला हात लावायचा. मगच तपासणीच्या कागदावर सही. सही केली की विमान तुझं, चूकही तुझी."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून साहेबांचं घर सांभाळणाऱ्या मिसेस पिंचबेक, "साहेब, ते शेणखत उडवण्याआधी चहा घ्या."

हसता हसता मी विचारलं. दुसऱ्या प्रकरणात १९३८चा अपघात आहे. पंखाखाली वेग मोजणारी नळी असते, तिच्यावरची कापडी खोळ मेकॅनिक लेगट काढायला विसरला. वेगाचा काटा शून्यावर, विमान बिटाच्या शेतात.

"मग फेरी मारताना तुम्हाला खोळ कशी दिसली नाही?"

ढकलगाडी तिथेच टाकून ते आत गेले.

२०, बुधवार

जेवण झाल्यावर म्हणाले, "कागद घाल."

अपघाताच्या दिवशी त्यांना उशीर झाला होता. फेरी मारलीच नाही. न बघता सही. चौकशीत लेगट स्वतःहून म्हणाला, खोळ मीच विसरलो.

"आणि तुम्ही?"

"गप्प. त्याच्या बाहीवरच्या हुद्द्याच्या दोन्ही फिती गेल्या. मला पुढच्या वर्षी बढती."

एक पान झालं. टायपिंगची चूक एकही नाही.

२१, गुरुवार

"ते पान काढ. लेगट युद्धात गेला म्हणतात. मेलेल्याच्या बाहीवर फिती कोण शिवणार?"

"पुस्तक जिवंत माणसं वाचणार ना, साहेब?"

"तू टाइप कर."

काढलं. फाडलं नाही, माझ्या कोटात आहे. उद्या गठ्ठ्यात परत घालणार, आणि त्यांना तोंडावर सांगून घालणार. नोकरी गेली तर गेली. मोटरसायकल आता पहिल्या लाथेत सुरू होते.

२२, शुक्रवार

सकाळी बेल वाजली. प्रकाशकाचा माणूस लवकर आला वाटून मी पान घेऊनच धावले. दारात बुटका म्हातारा, बूट चकचकीत. म्हणाला, "मी लेगट. साहेब पुस्तक लिहितायत असं पेपरात वाचलं. माझ्याबद्दल काय लिहिलंय, तेवढं बघायचं होतं."

स्वयंपाकघरात बसवलंय. साहेब जिना उतरतायत.