हरित पट्ट्यातले बोंबील

मुरबे,
गुरुवार

ती. एकनाथ भावजींना मुरब्याहून चिंधूचा सादर नमस्कार.

आम्ही इकडे खाऊनपिऊन बरे आहोत आणि तुम्हीही तिकडे दांडी गावात तसेच असाल, असं धरून पुढे लिहितो. तुमचा गुडघा काय म्हणतो? मैनाताई मीठ कमी खाते का? (तिला हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा शेवटचा भाग गाळलात तरी चालेल. मोठी बहीण आहे, उगाच रक्तदाब वाढायचा.) खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात ती सोय नाही, म्हणून पत्र.

आमचं बोंबील सुकवायचं मैदान तुम्हाला ठाऊक आहे. लग्नात तुमची वरात तिथेच अडली होती, कारण तुमच्या घोड्याला वास सोसेना. तर ते मैदान सरकारी आराखड्यात हिरव्या रंगाने रंगवलेलं आहे, म्हणजे हरित पट्टा. आता शेजारची जागा एका बिल्डरने घेतली, रस्त्याच्या कडेला एक नमुन्याचा फ्लॅट बांधून ठेवला आणि अर्ज टाकला की मैदानही पिवळं करून द्या, म्हणजे त्यावर इमारती उभ्या करता येतील. त्याचं म्हणणं असं, की नकाशात हिरवं आहे पण जागेवर एक पान दाखवा. आणि भावजी, खोटं कशाला बोलू, पान नाहीच. नुसते बांबू, दोऱ्या आणि बोंबील. पण आमची आई याच दोऱ्यांखाली बसून जन्मभर मासळी राखत आली आणि कावळे हाकायला मी असायचो. हे मैदान गेलं तर गावातल्या बायकांनी मासळी सुकवायची कुठे? या विचाराने माझी झोप उडाली. मग गावाने बचाव समिती काढली आणि अध्यक्ष मला केलं. (दुसरं कोणी तयार नव्हतं, पण ते सोडा.)

पाहणीला जिल्ह्याहून साहेब येणार असं कळल्यावर मी ठरवलं, मैदान हिरवं करायचं. पालघरच्या रोपवाटिकेतून रोपं आणली, ढोलताशा लावून लावली. खारी जमीन आणि खारा वारा. आठवड्यात रोपं अशी वाळली की काशीकाकीने त्यातली दोन सवयीने उलटून ठेवली. (काशीकाकी म्हणजे आमची धाकटी चुलती. तुमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत तुम्हाला रागावली होती ती.) पाहणी तोंडावर आलेली, तेव्हा माझ्या नजरेला जाळी पडली. आपल्या गावात हिरव्या नायलॉनच्या जाळ्यांना काय तोटा? सगळ्या बोटींची जाळी गोळा केली, बांबू उपटले, दोऱ्या गुंडाळल्या आणि अख्ख्या मैदानावर अंथरली. निळी होती ती खाली आणि हिरवी वर. गच्चीवरून पाहिलं तर डोळे निवले. समितीने माझा नारळ देऊन सत्कारही केला.

आता दोऱ्यांवर ऐन सुकत आलेले बोंबील होते, ते काढावे लागले. काशीकाकी म्हणाली, माझा माल कुठे घालू? मी तिला समजावलं की गावासाठी एक दिवस कळ सोस. ती काही न बोलता टोपली डोक्यावर घेऊन निघाली, मागून बाकीच्या बायका. मला वाटलं घरी गेल्या. काकी काही न बोलता जाते तेव्हा तिच्या मागोमाग जावं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

इकडे बिल्डरचा माणूस सुजीत (टाय लावतो, पण पोरगा वाईट नाही) त्यानेही पाहणीची तयारी केली होती. घरांची लोकांना किती गरज आहे हे साहेबांना दिसावं म्हणून विरारहून बसभर गिऱ्हाइकं आणली होती आणि नमुन्याच्या फ्लॅटपुढे बांबूपासून बांबूपर्यंत रंगीत पताकांच्या दोऱ्या ताणल्या होत्या. आता तुम्हीच सांगा, कोळणीला ताणलेली दोरी दिसली तर ती काय करील? जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीने बोंबील चढले. पताका संपल्या तिथे गॅलरीचा कठडा होता. सुजीत गिऱ्हाइकांना समुद्र दाखवायला गॅलरीत घेऊन आला तेव्हा समुद्राच्या आधी बोंबील दिसले. दोन-चार जणांनी रुमाल काढले हे खरं, पण एका बाईने भाव विचारला आणि मग रांगच लागली. सगळा माल हातोहात गेला. बस बोंबील घेऊन परत गेली, फ्लॅट एकानेही घेतला नाही.

तेवढ्यात साहेब आले. मी हार घेऊन पुढे झालो. साहेबांनी हिरवळीवर पाऊल टाकलं, ते जाळ्यात अडकलं. सोडवायला मी वाकलो तर माझं चष्म्यासकट डोकं अडकलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, हे कसलं गवत? मी म्हणालो, हंगामी आहे. त्यांनी एक कोपरा उचलून खालचं निळं जाळं पाहिलं. मी मान खाली घातली, म्हणजे ती तशीही खालीच होती. आणि तेव्हाच काशीकाकी रिकामी टोपली घेऊन आली, मला म्हणाली, "चिंधू, आता माजे बांबू दे परत." साहेब म्हणाले, आजी, इथे हिरवं असावं की नाही? काकी म्हणाली, "हिरवं कराल त सावली पडंल. सावलीत बोंबील कुजतो, साहेब. आमाला हिरवं नको, उघडं पायजे."

भावजी, मला खरंच लाज वाटली. बिल्डर जे करणार होता तेच मी रोपं लावून करत होतो, फक्त फुकट. साहेब म्हणाले, "मंगळवारी परत येतो. रोज असतं तसं ठेवा, मग ठरवू." जाताना बोंबील मिळतील का विचारत होते, पण संपले होते. संध्याकाळी सुजीत पताकांवरचे बोंबलाचे डाग पुसत रडत बसला होता. मला बघवेना. त्याची समजूत घालून त्याला वाटेला लावलं.

मैनाताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
चिंधू

ता.क. मूळ काम राहिलंच. मैदान रोजच्यासारखं दिसायला बोंबील हवेत आणि आमच्या बोटी या खेपेला रिकाम्या आल्या. तरी सोमवारी टेम्पो पाठवतो, तुमच्या दांडीतले सगळे बोंबील द्या. बुधवारी परत.

ता.क. २. सगळे नको, अर्धेच द्या. सुजीत रडत रडत म्हणाला की काका, मग आम्ही जायचं कुठे? माझ्या तोंडून दांडीचं मैदान निघून गेलं. सपाट आहे, समुद्र समोर आहे आणि माणसं गरीब आहेत, एवढंच बोललो. तोही मंगळवारीच येतोय, तेव्हा अर्धे तुमच्या दोऱ्यांवर राहू द्या. तो रडायला लागला तर जरूर समजूत घाला. फक्त सातपाटीचं नाव घेऊ नका. तिथे माझी सासुरवाडी आहे.