माझ्या दहाव्याचा चहा

लिहून ठेवणार मी, श्रीमती सरलाबाई सुकलाल बोरसे, वय वर्षे बहात्तर, धंदा घरकाम, मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं, हल्ली राहणार पांडेसरा, सुरत. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, कोणी धमकावलेलं नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, रागाच्या भरात लिहिलेलं नाही, असंही एक वाक्य टाका." ते वाक्य मी टाकणार नाही. राग आहे. यांच्या दहाव्यापासून तो मंद आचेवर ठेवला आहे. डोकं थंड आहे म्हणून उतू गेलेला नाही, एवढंच.

यांचं नाव मी जन्मात उखाण्याशिवाय घेतलं नाही. पण कोर्टाला "हे" आणि "यांनी" कळत नाही, म्हणून एकदा लिहून टाकते: माझे पती कै. सुकलाल दगा बोरसे. उभी हयात डाइंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत काढली. आम्हाला मुलं दोन. थोरला भूपेंद्र, त्याची बायको राखी. धाकटी योगिता. याखेरीज कोणी वारस नाही. असल्याचं सांगत कोणी आलंच, तर त्याला चहासुद्धा विचारू नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. गेल्या दिवाळीत भूपेंद्रने माझ्यापुढे जे कागद ठेवले होते, त्यांवर मी सही केलेली नाही. तशी सही कुठे निघाली तर ती खोटी समजावी.

कलम १. माझं चहाचं पातेलं.

वकीलसाहेब म्हणाले, आधी घर लिहा, भांडीकुंडी शेवटी. पण पातेलं घराच्या आधीचं आहे. अमळनेरहून येताना डोक्यावरच्या बोचक्यात ते होतं, घर कुठे होतं? म्हणून पातेलं पहिलं. ते योगिताला द्यावं, कारण त्यात काय करायचं ते तिलाच येतं. पाण्यातच साखर घालायची, नंतर नाही. आलं ठेचून, किसून नाही. गवती चहाची पात. फुदिना ही सुरतेने लावलेली खोड, तीही असू द्यावी. भुकटी पडली की रंग चढेस्तोवर हलायचं नाही तिथून. मग म्हशीचं दूध. आणि मी पिते बशीत ओतून, फुर्र आवाज करून. राखीच्या मैत्रिणी आल्या की मला आतल्या खोलीत बसवायचे ते या आवाजापायी. ऐकू जाऊ दे, म्हणून मी आणखी मोठ्याने प्यायचे.

कॉफी मला आवडत नाही. भाजलेल्या चिंचोक्यासारखी लागते. एकदाच प्याले, राखीच्या माहेरी, विहीणबाईंचा मान म्हणून. मान ठेवला आणि रात्रभर छताकडे बघत पडले.

कलम २. सून राखी हिला.

डॉक्टर म्हणाले होते, "आजी, साखर जरा कमी करा." मी समोर होते, मला कळलं. राखीने घरी येऊन साखर बंद केली, दूध बंद केलं, आलंही बंद केलं. आल्याने काय घोडं मारलं होतं? तेव्हापासून मला दोऱ्याला बांधलेली चहाची पुडी मिळते, गरम पाण्यात बुचकळून. सकाळी बुचकळलेली पुडी संध्याकाळी परत तीच. "मम्मी, तुमच्या भल्यासाठीच करते मी." आणि स्वयंपाकघरात स्वतःसाठी आलं-वेलदोड्याचा चहा ठेवायची. भिंतीपलीकडून वास यायचा, आणि मी इकडे ते ढवळलेलं पाणी पीत बसायचे. माझं भलं मला इतकं कधी झोंबलं नव्हतं.

त्या सगळ्या पुड्या मी फेकलेल्या नाहीत. गच्चीवर वाळवून तुपाच्या डब्यात भरल्या आहेत. डबा माझ्या खाटेखाली आहे. तो डबा, पुड्यांसकट, मी राखीला देते. तिच्या हिशेबाने एकेकीतून अजून एकेक कप निघेल.

कलम ३. पांडेसऱ्यातलं घर.

हे घर यांनी माझ्या नावावर घेतलं. दस्तात माझं एकटीचं नाव आहे. ते कोणाला जाणार हे सांगण्याआधी तापीच्या घाटावर काय झालं ते सांगावं लागेल. वकीलसाहेबांनी हा भाग गाळा म्हटलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, हाच भाग ठेवा, बाकीचं गाळा.

हे जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी आणि भूपेंद्र खाटेजवळ उभे होतो. योगिताला नवऱ्याने टाकलेलं, ती साड्यांना लेस लावून पोट भरते. यांनी भूपेंद्रचा हात धरला आणि म्हणाले, "वरली खोली पोरले दी टाक." पोर म्हणजे योगिता. भूपेंद्रने होकाराची मान डोलावली. हे गेले.

दहाव्याला पिंड मांडले. बायांनी घाटावर जाऊ नये म्हणतात, मी गेले. योगिता होती, शेजारच्या मालतीबाई माझा हात धरून होत्या. कावळे कठड्यावर बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. माणसाची इच्छा अडकलेली असली की कावळा शिवत नाही, हे आपल्यात पोरासोरांनाही ठाऊक. मग सुरू झालं, काय अडकलं असेल ते शोधणं. यांच्या स्टीलच्या ग्लासात माझा चहा भरून ठेवला, थर्मासमधून गरमागरम. नाही. राखी म्हणाली, "पप्पांना माझी कॉफी फार आवडायची," आणि रस्त्यावरून कागदी कपात कॉफी आणवली. यांना कॉफी आवडत नव्हती. सुनेचं मन मोडू नये म्हणून पीत. कावळ्याला तेवढी भीड नव्हती, त्याने मानही वळवली नाही. मग मी कोको आणायला लावला. योगिता लहान असताना रविवारी हे तिला सायकलच्या दांडीवर बसवून थंडगार कोको प्यायला नेत, एक ग्लास दोघांत. कोको ठेवल्यावर एक कावळा खाली उतरला, उड्या मारत जवळ आला, पिंडाकडे पाहिलं आणि परत जाऊन बसला.

तेवढ्यात माझे दीर आनंदा यांनी पिशवीतून बाटली काढली. "दादाले आवडे," म्हणे, चारचौघांत. गुजरातेत दारूबंदी, भावाचा दहावा, आणि हा बाटली घेऊन! यांनी थेंबाला हात लावला नाही कधी. मिलमधून आले की लिंबू-मिठाचं पाणी आणि मग चहा, याखेरीज काही नाही. त्याचं मी पुढे बघते.

गुरुजी म्हणाले, "उशीर होतोय, दर्भाचा कावळा करून लावतो."

भूपेंद्र मोबाईलमधून वर न बघता म्हणाला, "करा ना महाराज. लोकांना ड्युटीवर जायचंय."

"गवताचा कावळा माझ्या घरधन्याला लावायचा नाही," मी म्हटलं.

मग मालतीबाई बोलल्या. दवाखान्यातलं त्यांना मी सांगितलेलं होतं. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "भूपेंद्र, बापनी काय मांगेल व्हतं ते बोल ना आते."

भूपेंद्रने इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने हात जोडले. "बाबा, वरली खोली मी योगिताना नावे करी देसू. आते खाई ल्या."

त्याचे जोडलेले हात सुटायच्या आत कावळा उतरला. पिंड उचलला, भात सांडला, दुसरे कावळे आले. योगिता ओढणी तोंडात कोंबून रडली. माझ्या पोराने बापाचा शब्द उचलला, म्हणून मीही रडले.

तेरावा झाला आणि भूपेंद्रने वरची खोली हजीऱ्याच्या कंपनीतल्या कोणाला तरी भाड्याने दिली. योगिता शिवणाचं मशीन घेऊन चलथाणला गेली, तिथे एका खोलीत राहते. मी विचारलं, "अरे, घाटावर काय बोललास?" तर म्हणतो, "मम्मी, कावळ्याला भूक लागली होती, बस. एमां शुं, त्यात काय एवढं?"

"मग चहाच्या वेळी का नव्हती लागली? कॉफीच्या वेळी का नव्हती?"

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मी आनंदाला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, माझं तोंड नदीकडे होतं, मी तर ऐकलंच नाही." ज्याला त्याला विचारलं, कोणी ऐकलेलं नव्हतं. मालतीबाई तेवढ्या म्हणाल्या, "मी आयकेल शे. कोठेबी सांगसू."

घर माझ्या नावावर, मला तेव्हाच देता आलं असतं. पण शब्द पोराचा होता. बापाच्या पिंडापुढे दिलेला शब्द पोराने पाळायचा असतो, आईने त्याच्या वतीने उरकायचा नसतो. मी वाट पाहिली.

गेल्या दिवाळीत पाडव्याला सकाळी भूपेंद्र स्वतः चहा घेऊन माझ्या खाटेपाशी आला. म्हशीचं दूध, आलं, साखर सढळ हाताने. आणि बशी! बशीसुद्धा आणली. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय. बशीखाली कागद होते. "मम्मी, घर विकून टाकू. नदीपलीकडे फ्लॅट बघितलाय, लिफ्ट आहे. इथे सही कर ना."

"आणि योगिता?"

"तिचं काय? तिची सोय झालीय ना चलथाणला."

मी चहा प्याले. सगळा. फुर्र करून. चांगला होता, खोटं कशाला लिहू. मग म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा माझ्या डोक्यावरच होता. तो बघत राहिला, मी बशी खाली ठेवली. पुन्हा तसा चहा त्याने आणला नाही.

म्हणून माझा निर्णय असा. तळमजला, वरली खोली, गच्ची, पाण्याची टाकी आणि दारातली गवती चहाची कुंडी, हे सगळं माझ्या मुलीला, योगिताला. एकटीला. बापाने एक खोली मागितली होती. ती दिली असती तर तळमजला भूपेंद्रचाच होता, मी हूं की चूं केलं नसतं. आता पूर्ण घर गेलं. याला दंड समजावं. मी दंड म्हणूनच लिहिते आहे.

भूपेंद्रला यांच्या फंडातून दुकान घालून दिलं होतं, ते त्याला पोचलं. माझ्यामागे महिन्याभरात त्याने घर रिकामं करावं. आपलं सामान न्यावं. राखीचं कॉफीचं यंत्र विसरू नये.

भूपेंद्र या कागदाविरुद्ध कोर्टात जाईल, मला माहीत आहे. न्यायाधीशसाहेबांना हात जोडून विनंती, त्याला शपथ जरूर घालावी, पण तिच्यावर विसंबू नये. त्याच्या शपथेची किंमत तापीवरच्या कावळ्यांना ठाऊक आहे.

कलम ४. भूपेंद्रला.

मुलगा आहे, रिकाम्या हाताने लावत नाही. यांचा स्टीलचा ग्लास, जो पिंडाशेजारी ठेवला होता, तो त्याला द्यावा. बुडाला यांचं नाव ठोके मारून कोरलेलं आहे, आतूनही उमटलं आहे. रोज सकाळी त्याने त्यातून जे प्यायचं ते प्यावं, आणि ग्लास रिकामा झाला की आतून नाव वाचावं. उलटं दिसेल, पण वाचता येतं.

कलम ५. दीर आनंदा यांना.

गावाहून आले तेव्हा लग्न होईस्तोवर आमच्याकडे राहिले, जेवले, माझ्या हातचा चहा दिवसातून दहादा प्याले आणि एकदाही "बरा झाला" म्हटलं नाही. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत. भावाच्या नावावर दारू लावली आणि पुतणीच्या वेळेला कान बंद केले. त्यांना यांची लिंबू-मिठाची चिनी बरणी द्यावी. लिंबू काढून घ्यावं. मीठ राहू द्यावं.

कलम ६. बँकेत जे शिल्लक असेल ते योगिताचं. मालतीबाईंना मला पुष्कळ द्यायचं होतं, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून देता येत नाही असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून माझ्या निळ्या काठाच्या बशा मी कालच त्यांच्या घरी नेऊन दिल्या. राखी अजून शोधते आहे.

कलम ७. माझ्या मागचं.

मी गेले त्या दिवशी चूल पेटणार नाही, शेजारून चहा येईल. आलेल्या माणसांना तो पाजावा, दुधाचा, गोड. पुडीचं पाणी माझ्या मयताला कोणाला देऊ नये, राखीलाही नाही. तेवढी मी वाईट नाही.

दहाव्याला पिंड योगिताने द्यावा. गुरुजी नाही म्हणाले तर दुसरे गुरुजी बघावे. पिंडाशेजारी चहा ठेवावा, कलम १ प्रमाणे केलेला, बशीत. कॉफी नको, बाटली नको. कावळा पहिल्याच हाकेला येईल, कारण माझं काही अडकलेलं नसेल. जे द्यायचं ते मी या कागदात जिवंतपणी दिलं आहे, कोणाच्या तोंडी ठेवलेलं नाही.

न आलाच, तर समजावं की भूपेंद्र जवळ उभा आहे. त्याला मागे न्यावं. तो हात जोडून पुढे आला आणि "मम्मी, मी..." असं म्हणायला लागला, तर त्याला वाक्य पुरं करू देऊ नये. गवताचा कावळाही करू नये. मी उपाशी जाईन, पण त्याच्या शब्दावर जेवणार नाही. योगिताने ती बशी उचलावी आणि माझा चहा, गरम आहे तोवर, त्याच्यासमोर स्वतः प्यावा. आवाज करून. मला पोचेल.

ठिकाण: पांडेसरा, सुरत. मालतीबाईंच्या ओसरीवर.
दिनांक: २३ डिसेंबर २०२४.

सही: सरलाबाई सुकलाल बोरसे
(चष्मा लावून केली आहे.)

साक्षीदार:

१. महेश रघुनाथ बाविस्कर, औषधांचं दुकान, पांडेसरा. सरलाबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

२. मालतीबाई धनराज निकम, शेजारीण. सही माझ्यासमोर झाली. घाटावर भूपेंद्र जे बोलला, तेही माझ्यासमोरच बोलला. त्या दिवशी कोणी माझी सही घेतली नव्हती. आज दोन्हीची मिळून एकच करते.